विंचूदंश आणि 'बीपी वाढवायचं सलाईन'

भाताची कापणी-झोडणी सुरू झाली की आमच्या कडाव परिसरात विंचू चावल्याचे रुग्ण येऊ लागतात. भारा उचलताना, पेंढा उपसताना लाल विंचू नांगी मारतो. काहींना दरदरून घाम फुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात. मग नातेवाईक घाबरून म्हणतात, "डॉक्टर, बीपी उतरलंय, वाढवायचं सलाईन लावा." या सलाईनमधले औषध बहुधा डोपामीन असते. मी ते का लावत नाही, ते सांगतो.

डोपामीनने हृदयाचे आकुंचन जोरकस होते. मात्रा वाढवली की रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि रक्तदाब चढतो. औषधाचा परिणाम काही मिनिटांत ओसरतो, म्हणून ते थेंबाथेंबाने, सतत लक्ष ठेवून द्यावे लागते. शॉकच्या १,६७९ रुग्णांवरील २०१० च्या अभ्यासात नॉरअ‍ॅड्रेनॅलीनच्या तुलनेत डोपामीनने ठोके अनियमित होण्याचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. त्यामुळे त्याचा वापर आता कमी झाला आहे.

विंचवाच्या विषाने तर शरीर स्वतःच अ‍ॅड्रेनॅलीन व नॉरअ‍ॅड्रेनॅलीन भरमसाट सोडते. रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार पडतात. सुरुवातीला रक्तदाब मात्र बहुधा चढलेलाच असतो. पुढे हृदय थकते, फुप्फुसांत पाणी साठते. अशा वेळी डोपामीन देणे म्हणजे आगीत तेल ओतणे.

यावरचा उपाय आपल्याच जिल्ह्यात सापडला. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही साधी गोळी वापरली. त्यांचा अनुभव १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के दगावत. ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात प्राझोसिनसोबत विंचवाची प्रतिविषलस दिलेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले. नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८. उशिरा आलेल्या रुग्णाचा रक्तदाब खरोखर घसरला, तर डोब्युटामीनसारखे औषध मोठ्या रुग्णालयातच द्यावे लागते.

म्हणून विंचू चावल्यावर मंत्र, चिरा, आवळपट्टी यांत वेळ घालवू नका. घाम, उलटी, गार हातपाय किंवा धाप दिसताच रुग्णाला जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात न्या. गोळी दिल्यावर त्याला आडवेच ठेवा. एकदम उठवल्यास चक्कर येते. लहान मुलांच्या बाबतीत तर जराही थांबू नका.