भरल्या गावातील एकाकीपण

एकाकीपण हा महानगरांचा, बंद दारांच्या सदनिकांचा रोग आहे. खेड्यात पार आहे, देऊळ आहे, शेजार आहे, तेथे वार्धक्य एकटे पडत नाही, असा सुशिक्षितांचा एक सुखद समज आहे. वाशीम जिल्ह्यातील खेडी पाहिली तर तो टिकत नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे १२ लाख होती आणि तीतील ८० टक्क्यांहून अधिक ग्रामीण. शेती कापूस, तूर व सोयाबीनची, बहुतांशी पावसाच्या भरवशावरची. शिकलेला मुलगा पुणे किंवा नागपूर गाठतो. तांड्यांतील पुष्कळ जोडपी दिवाळीनंतर मजुरीसाठी बाहेर पडतात. मागे उरतात ती म्हातारी माणसे आणि अनेकदा त्यांच्यावर सोपविलेली नातवंडे.

एकटे राहणे निराळे आणि एकाकी असणे निराळे. भरल्या घरातही ज्याला दिवसभर कोणी काही विचारीत नाही, तो एकाकीच होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील दर सहांपैकी एक माणूस या दुःखाने ग्रासलेला आहे आणि त्याच्याशी निगडित मृत्यू ताशी सुमारे १०० आहेत. ज्यांचे सामाजिक संबंध दुबळे, त्यांना हृदयविकाराचा धोका २९ टक्क्यांनी व पक्षाघाताचा ३२ टक्क्यांनी अधिक, असे अमेरिकेच्या सर्जन जनरलांनी २०२३ साली सांगितले. असे अभ्यास मुख्यतः श्रीमंत देशांतले आहेत, शिवाय आजारी माणूस घराबाहेर पडत नाही म्हणूनही एकटा पडतो, हे ध्यानात ठेवलेले बरे.

तथापि हे घडते कसे, ते समजण्यास आकड्यांची गरज नाही. एका जिवासाठी दोनदा चूल पेटविण्याचा कंटाळा येतो. सकाळची भाकरीच रात्री चहात बुडवून खाल्ली जाते. रक्तदाबाची गोळी संपते, आणि ती संपली हे विचारणारे कोणी नसते. ऐकू कमी येऊ लागले की चारचौघांत हसे होईल या भीतीने म्हातारा पारावर जाणे सोडतो. मोतीबिंदू वाढला की संध्याकाळनंतर देवळाची वाटही बंद. दवाखान्यात मात्र तक्रार असते ती कंबरेची, झोपेची, अन्नावरून उडालेल्या वासनेची. ‘करमत नाही’ हे दुखणे आहे असे ना रोग्याला वाटते, ना घाईत असलेल्या डॉक्टरला.

स्त्रियांची स्थिती अधिक बिकट. पार पुरुषांचा, विधवा म्हातारीला हक्काची जागा म्हणजे काकडा, हरिपाठ, भजन. शेगावहून पंढरपुरास निघालेली गजाननमहाराजांची पालखी मेडशी, मालेगाव, शिरपूर, रिसोड असा मार्ग आक्रमिते तेव्हा वाटेवर दर्शनाला येणाऱ्या वृद्धांना त्या दिवशी औषधाची आठवणही राहत नसेल. पण पालखी वर्षातून एकदा येते.

या प्रश्नावर सर्वांत उपयुक्त उपाय कदाचित आरोग्य खात्याने नव्हे, तर एस.टी.ने केला आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एस.टी.चा प्रवास मोफत झाला. पासष्टीनंतर निम्मे भाडे होतेच, आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांनाही ते मिळाले. ‘म्हातारी माणसे उगाच हिंडतात, गाडीत जागा उरत नाही’ अशी कुरकुर तेव्हापासून ऐकू येते. उगाच हिंडणे हेच तर हवे होते! लेकीच्या गावी जाणे, कारंज्याला दत्ताचे दर्शन घेणे, बाजाराच्या दिवशी जुना सोबती भेटणे, याला शास्त्रीय नाव काहीही असो, खर्चाच्या मानाने इतका स्वस्त उपचार दुसरा नसेल. अडचण आहे ती गाडी फाट्यावरच थांबते त्या गावांची. फाट्यापासून पाऊण कोस चालणे गुडघे धरलेल्या म्हाताऱ्याला जमत नाही, आणि मग खिशातल्या सवलतीचा त्याला काही उपयोग राहत नाही. बाजाराच्या दिवशी तरी अशा गावांत एक फेरी आत जावी, एवढी मागणी ग्रामसभांनी ठराव करून आगारप्रमुखांकडे लावून धरण्यास हरकत नसावी.