पेढीवरची उमेदवारी

‘उमेदवारी’ हा शब्द आज बहुधा निवडणुकीपुरताच उरला आहे. पूर्वी त्याचा अर्थ निराळा होता. कचेरीत अथवा पेढीवर पगाराची अपेक्षा न ठेवता काही काळ बसावे, जाणत्यांच्या हाताखाली काम पाहावे व करावे, आणि पुढेमागे जागा मिळेल अशी उमेद बाळगावी, याला उमेदवारी करणे म्हणत. महाविद्यालयांनी आता तिलाच ‘इंटर्नशिप’ हे नाव दिले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अशा प्रत्यक्ष कामाच्या अनुभवावर भर दिला. तेव्हापासून वाणिज्य शाखेचे विद्यार्थी बेगमबाजार-उस्मानगंजातील पेढ्यांची पायरी अधिक चढू लागले आहेत. ही गोष्ट स्वागतार्ह होय. मात्र पेढीवर बसल्याने मनुष्य आपोआप शिकतो हा आपला जुना समज तपासून पाहण्याची वेळ आली आहे, असे आम्हांस वाटते.

आमचे शालेय शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढचे सारे धान्याच्या पोत्यांजवळ झाले. तेथे जे कळते ते पुस्तकात नसते असे नव्हे. परंतु ते तेथे अंगी मुरते. एक साधे उदाहरण घेऊ. गोदामात १०० क्विंटल तूर आली. तिच्यात शेकडा १२ ओलावा होता. काही आठवड्यांनी तो शेकडा १० वर उतरला. वजनात घट किती यावी? नवा पदवीधर चटकन सांगतो, दोन क्विंटल. वास्तविक तुरीतील कोरडे द्रव्य ८८ क्विंटल होते व ते तितकेच राहिले. आता ते एकूण वजनाच्या शेकडा ९० भरते, म्हणजे माल ९७ क्विंटल ७८ किलो उरला. घट २ क्विंटल २२ किलोंची झाली. वरचे २२ किलो कोणी नेले नाहीत. ते हवेत गेले. हे ज्याला ठाऊक नाही तो मालक गोदामाच्या हमालावर संशय घेतो, आणि वीस वर्षांचा विश्वासू मनुष्य गमावून बसतो.

म्हणूनच शिकणाऱ्यास प्रथम गादीवर नव्हे, काट्यापाशी बसवावे. पोत्यात परखी खुपसून वरचा, मधला व खालचा असा तिन्ही थरांचा नमुना कसा काढावा, दाणा दाताखाली फोडून ओल कशी ओळखावी, जुन्या मालाचा वास कोणता, कीड लागण्याची पहिली खूण कोणती, हे तोलणाऱ्याकडून व हमालाकडून शिकावे. तांडूरच्या तुरीस २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ती तूर व लातूर-उदगीरकडील तूर दोन ओंजळींत घेऊन डोळ्यांनी ओळखता आली पाहिजे. त्यानंतर बारदान, हमाली, तोलाई, अडत, दलाली व वाहतूक मिळवून माल घरात कोणत्या भावाने पडला, याचा हिशेब त्याच्याकडून मांडून घ्यावा. पुढे कीर्द-खतावणी व जीएसटीचे विवरण. २०२२ च्या जुलैपासून २५ किलोंपर्यंतच्या लेबल लावलेल्या बंद पिशवीस कर लागतो व त्याहून मोठ्या पोत्यास लागत नाही, हा भेद बिल फाडतानाच पक्का होतो. उधारी कोणास द्यावी व कोणास नम्रपणे नाकारावी, ही विद्या सर्वांत शेवटी शिकवावी. कारण तिच्यात माल नव्हे, माणूस पारखावयाचा असतो.

येथे एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. जो मुलगा सहा महिने केवळ चहा सांगतो, पाकिटे पोहोचवितो व भावाचे निरोप देतो, तो काम करतो. शिकत मात्र नाही. काम शिक्षण केव्हा होते? त्याला शिकविण्याची जबाबदारी कोणीतरी आपल्या शिरावर घेतलेली असेल, आज काय व उद्या काय याचा क्रम ठरलेला असेल, चुकल्यास समजावून सांगणारा जवळ असेल आणि शेवटी त्याची परीक्षा होत असेल, तेव्हा. या चार गोष्टी नसतील तर ती उमेदवारी नसून बिनपगारी नोकरी होय.

कष्ट आणि शिक्षण यांची सांगड कशी घालावी याचा थोर धडा आपल्याच समाजात जन्मलेल्या एका पुरुषाने घालून दिला आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ साली कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. त्यांचे स्वतःचे शालेय शिक्षण अपुरे राहिले. तरुणपणी त्यांनी ओगल्यांच्या काचसामानाचे व किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून गावोगाव प्रवास केला. खेड्यांतील मुले कोणत्या अडचणीने शिक्षणाला मुकतात, हे त्यांना अशा हिंडण्यातून जवळून दिसले असले पाहिजे. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, स्वयंपाक करीत, शेतात राबत आणि शिकत. १९४७ साली साताऱ्यात सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात हीच ‘कमवा आणि शिका’ पद्धत उच्च शिक्षणापर्यंत पोहोचली. १९५९ साली भाऊराव निवर्तले. परंतु अंगमेहनतीने विद्यार्थ्याची प्रतिष्ठा उणी होत नाही, हे त्यांनी सिद्ध करून ठेवले. आपल्या मुलास अथवा मुलीस पोत्याची धूळ लागू नये म्हणून जपणाऱ्या पालकांनी याचा विचार करावा.

कायद्यानेही या वाटेस आधार दिला आहे. १९६१ च्या कायद्याचे मराठी नावच ‘शिकाऊ उमेदवार अधिनियम’ असे आहे. आरंभी तो मुख्यतः कारखान्यांतील कारागिरीपुरता होता. २०१४ च्या दुरुस्तीने इतर शाखांच्या पदवीधरांसही त्यात वाव मिळाला. २०१९ च्या नियमांप्रमाणे ३० अथवा अधिक माणसे कामास असलेल्या आस्थापनेस शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले. ४ ते २९ माणसे असल्यास ते ऐच्छिक ठेवले. आपल्या बहुतेक पेढ्या या दुसऱ्या वर्गात मोडतील. कायद्यानुसार उमेदवारास ठरलेले विद्यावेतन द्यावे लागते, आणि २०१६ साली सुरू झालेल्या योजनेत त्याचा काही भाग केंद्र सरकार उचलते. मुलांविषयीची मर्यादाही लक्षात असावी. १४ वर्षांखालील मुलास कामावर ठेवता येत नाही; स्वतःच्या कुटुंबाच्या निर्धोक धंद्यात त्याने शाळेनंतर वा सुट्टीत हातभार लावावा, अशी मोकळीक २०१६ च्या दुरुस्तीने ठेवली आहे.

आता एका अप्रिय विषयाकडे वळतो. पुष्कळ ओळखीची मंडळी येऊन सांगतात, “मुलाला कॉलेजात आठ आठवड्यांचा दाखला द्यावयाचा आहे, तुमच्या लेटरहेडवर तेवढे लिहून द्या.” मुलगा एक दिवसही दुकानी आलेला नसतो. नाते व स्नेह यांमुळे नाही म्हणणे जड जाते, हे आम्ही जाणतो. परंतु तत्त्वार्थसूत्रात सत्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’, म्हणजे खोटा लेख करणे, स्पष्ट सांगितली आहे; आणि अचौर्याच्या अतिचारांत खोटे माप व भेसळ यांची गणना केली आहे. ज्या पेढीवर पासरीला पाव शेर कमी देणे पाप मानले, त्याच पेढीवरून आठ आठवड्यांचा दाखला शून्य दिवसांसाठी कसा निघावा? त्यात फसतो तो मुलगाच. पुढे मुलाखतीत त्याला तुरीच्या घटीचा हिशेब विचारला, तर कागद त्याच्या वतीने बोलणार नाही.

जर्मनीत शिकाऊ उमेदवार आठवड्याचे बहुतेक दिवस दुकानात वा कारखान्यात आणि एक-दोन दिवस शाळेत घालवितो, व अखेरची परीक्षा तेथील व्यापारी मंडळांच्या देखरेखीखाली होते. म्हणजे दाखल्याची खात्री मालकाचा स्नेह देत नाही. धंद्यातील इतर जाणती माणसे देतात. आपल्या असोसिएशनला एवढे करणे अशक्य नाही. उन्हाळी सुट्टीत इच्छुक मुलामुलींची यादी करावी. प्रत्येकास आपल्या घरची सोडून दुसऱ्याची पेढी द्यावी, कारण बापाच्या गादीवर मुलास कोणी चूक दाखवीत नाही. दोन महिन्यांचा क्रम लिहून द्यावा, विद्यावेतन ठरवावे, आणि शेवटी तीन वडीलधाऱ्या व्यापाऱ्यांनी समोर पाच नमुने, एक बिल व एक खतावणीचे पान ठेवून परीक्षा घ्यावी. जो उतरेल त्यालाच दाखला. न उतरणाऱ्यास पुढल्या उन्हाळ्यात पुन्हा संधी. पहिल्या वर्षी दहा मुले आली तरी पुष्कळ झाली. त्यांतील दोघांना आमच्या काट्यापाशी जागा देण्यास आम्ही तयार आहोत.