धुराची चाहूल (भाग ९) : तो दिवा असाच असतो

बॅटऱ्यांबद्दल आज लिहीन म्हणालो होतो, पण त्या पुढच्या आठवड्यात. मध्येच एका सिस्टरांचं पत्र आलं. मराठवाड्यातल्या एका रुग्णालयात त्या रात्रपाळी करतात. लिहितात, ‘सर, आमच्या फायर अलार्मच्या पॅनलवर एक पिवळा दिवा कायम लागलेला असतो. मी रुजू झाले तेव्हाही होता. वॉर्डातल्या मामांना विचारलं, तर म्हणाले, तो असाच असतो. त्याचा अर्थ काय?’

वीस वर्षं मी रुग्णालयांतले पॅनल उघडतो आहे, आणि ‘तो असाच असतो’ हे मी जितक्या ठिकाणी ऐकलं तितकं दुसरं काही ऐकलं नाही. लाल दिवा लागला की सगळे धावतात. पिवळ्यासमोरून माणसं औषधांची ट्रॉली घेऊन जातात-येतात. मला विचाराल तर रुग्णालयात रोज बघायचा दिवा पिवळाच.

झोनची तार कशी फिरते ते मागे पाहिलंच. पॅनलमधून दोन तारा निघतात, या डिटेक्टरच्या बेसमधून त्या डिटेक्टरच्या बेसमध्ये अशा वॉर्डभर जातात. शेवटच्या बेसमध्ये त्या दोन तारांच्या मध्ये एक रेझिस्टर बसवलेला असतो. तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा, अंगावर रंगीत पट्टे. आमच्याकडे त्याला ईओएल म्हणतात. त्याच्यातून अगदी थोडा प्रवाह रात्रंदिवस वाहतो आणि पॅनल तो मोजत राहतो. डिटेक्टरमध्ये धूर शिरला की प्रवाह वाढतो आणि लाल दिवा लागतो. तार तुटली किंवा कुणी डिटेक्टर काढून ठेवला, की प्रवाह थांबतो आणि पिवळा लागतो. रंगकामाला अडचण होते म्हणून चौथा डिटेक्टर काढला, तर पाचव्यापासून पुढचे सगळे त्याच क्षणी निकामी होतात. छतावर ते दिसतात तसेच्या तसे. खालच्या माणसाला काही कळायचा मार्ग नाही. कळवणारा एकटा तो पिवळा दिवा.

आणि त्याचंच तोंड बंद केलेलं मी पाहिलं आहे.

जुलै महिना होता. आपल्या राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा सुस्थितीत असल्याचा फॉर्म बी द्यावा लागतो, त्यासाठी एका रुग्णालयात गेलो होतो. पॅनलवर एकही पिवळा दिवा नव्हता. लांब काठीच्या टोकाला धुराचा कॅन लावून मी मुलांच्या वॉर्डातल्या शेवटच्या डिटेक्टरवर फवारा मारला. काहीच नाही. पुन्हा मारला. मग डिटेक्टर फिरवून बेसमधून काढला आणि साथीदाराला ओरडून विचारलं, ‘फॉल्ट आला का?’ तो म्हणाला, ‘नाही.’

पॅनलचं झाकण उघडलं. झोन ३ च्या दोन स्क्रूंखाली रेझिस्टर पॅनलमध्येच आवळलेला होता. वॉर्डाकडून आलेल्या दोन्ही तारा कापून, टोकांना काळी टेप गुंडाळून खाली सोडल्या होत्या. कुणाला तरी तारेतला दोष सापडला नव्हता, म्हणून त्यानं दिवा घालवला. पॅनल इमानानं प्रवाह मोजत होता, पण तो पॅनलच्या पोटातच फिरत होता. कधीपासून, ते कुणाला सांगता येईना. वॉर्डात त्या दिवशी चौदा मुलं होती. मी झाकण हातात धरून किती वेळ उभा होतो, मला आठवत नाही.

दोष शोधायला संध्याकाळ झाली. वॉर्डाला नवं फॉल्स सीलिंग केलं होतं. जुना एक डिटेक्टर त्याच्या वरच राहिला होता, बेसमधून निघून पडलेला. खालून कितीही शोधला असता तरी सापडला नसता.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्यात नवजात बालकांच्या कक्षात आग लागली, तेव्हा दार उघडल्यावर धूर दिसला तो एका परिचारिकेला. दहा बाळं गेली. धूर माणसाच्या डोळ्यांना दिसेपर्यंत थांबायला लागू नये, एवढ्यासाठी ही सगळी यंत्रणा असते.

म्हणून एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कंत्राटाचा, माणूस आला की त्याच्याबरोबर चला. पॅनलजवळच्या डिटेक्टरवर धूर मारला की हूटर वाजतोच, तार पुढे तुटलेली असली तरी. त्याला झोनच्या शेवटच्या डिटेक्टरवर धूर मारायला सांगा. मग तोच डिटेक्टर काढायला लावा आणि पॅनलवर पिवळा लागतो का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. दोन मिनिटांचं काम आहे. ॲड्रेसेबल पॅनलमध्ये प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा नंबर असतो, त्यामुळे रेझिस्टरची ही लबाडी तिथे चालत नाही. पण तिथेही बटणं दाबून डिटेक्टर बंद ठेवता येतो.

आता पिवळ्याचा दुसरा प्रकार, तो रुग्णालयांत जास्त. शनिवारी संध्याकाळी ओटीत फ्युमिगेशन होतं. फॉगिंगच्या धुक्यानं डिटेक्टर वाजतात, म्हणून तो झोन आयसोलेट करतात. करायलाच हवा. पण सोमवारी पहिली केस लागते तेव्हा झोन परत चालू केला का, हे विचारणारं कुणी नसतं. ऑगस्टमध्ये बंद केलेला झोन जानेवारीच्या फॉर्म बीपर्यंत बंद राहिलेला मी पाहिला आहे. फ्युमिगेशनच्या रजिस्टरमध्ये वेळ लिहितात, तिथेच ‘झोन बंद केला’ आणि ‘झोन चालू केला’ असे दोन रकाने आखून घ्या, दोन्हींसमोर सही.

तर सिस्टर, आज ड्युटीवर गेलात की त्या दिव्याशेजारचं लेबल वाचा. फॉल्ट, आयसोलेट, मेन्स, बॅटरी यांपैकी काहीतरी असेल. झोनचा नंबर बघा, आणि तुमच्या कुठल्या खोल्या त्या झोनमध्ये येतात ते विचारा. पॅनलशेजारी तसा नकाशा लावलेला असायला हवा. सकाळी ओव्हर देताना, ऑक्सिजनचं सांगता तसं हेही सांगा आणि रजिस्टरमध्ये तारखेनिशी लिहा : ‘झोन अमुक, फॉल्ट’. रोज लिहा, दुरुस्त होईपर्यंत. ‘असाच असतो’ असं लेखी द्यायला कुणी तयार होत नाही, हा माझा अनुभव आहे.

आणि लेबलवर ‘बॅटरी’ असेल तर मला तेवढं कळवा. पुढच्या आठवड्याचा भाग तिथूनच सुरू करतो.