वाटणीत भांडं टाकून गेलेला जंतू

वाशिमकर दोस्तांनो, तुमचा जिल्हा केवढा आहे ठाऊक आहे? लांबीरुंदीनं नव्हे हो, वयानं! १ जुलै १९९८ ला तो अकोल्यातून वेगळा निघाला. म्हणजे तुमचे आजोबा वाशिममध्येच जन्मले असतील, तरी त्यांचा जिल्हा अकोला. विचारून बघा.

गंमत अशी, की त्याच १९९८ साली अमेरिकेतल्या काही शास्त्रज्ञांनी दुसऱ्याच एका वाटणीचं कोडं सोडवलं. ही वाटणी जंतूंच्या घराण्यातली.

आपल्या आतड्यात ई. कोलाय नावाचे जीवाणू राहतात. त्यातले बहुतेक अगदी गरीब. पण याच घराण्यातून फार फार पूर्वी काही शाखा विभक्त झाल्या. त्यांना म्हणतात शिगेला. पोटात मुरडा येतो, रक्त आणि आव पडते, त्यामागे पुष्कळदा ही शिगेलाच असते. जपानच्या कियोशी शिगा यांनी १८९७ मध्ये ती शोधली, म्हणून हे नाव.

सूक्ष्मदर्शकातून बघाल तर दोघेही सारखेच, इवल्या काड्या. मग प्रयोगशाळेतली ताई त्यांना ओळखते कशी? जेवायला वाढून! एका बशीत जेलीसारखा थर असतो. त्यात दुधातली साखर आणि एक रंग घातलेला असतो. ई. कोलाय ती साखर खाऊन आम्ल सोडतो, आणि त्याचे ठिपके गुलाबी होतात. शिगेला त्या साखरेकडे ढुंकूनही बघत नाही, तिचे ठिपके बिनरंगी. एका रात्रीत चोर सापडतो.

आता खरी गंमत. तुमच्या शेतातल्या तुरीत आणि सोयाबीनमध्ये लायसिन नावाचा पदार्थ भरपूर असतो. बहुतेक ई. कोलाय लायसिन फोडून कॅडाव्हरिन बनवतात. सडक्या मांसाला जी घाण येते ना, त्यात हेच असतं. शी! शिगेलाला मात्र ते बनवता येत नाही, कारण ते बनवायचं भांडं, म्हणजे जनुक, तिच्याकडे नाहीच. १९९८ च्या त्या शास्त्रज्ञांनी ते जनुक तिला परत दिलं, तर काय झालं? तिच्या विषाचा जोरच ओसरला! म्हणजे ते घाणेरडं कॅडाव्हरिन तिच्याच विषाला आवर घालत होतं. शिगेलानं भांडं काही डोकं लढवून टाकलं नाही, तिला डोकंच कुठाय! ज्यांचं भांडं योगायोगानं हरवलं, त्यांचंच फावलं आणि तेच वाढले.

पोट बिघडवणारा दुसरा एक जंतू, साल्मोनेला, तर याहून बेरकी. तो आतड्याला सूज आणतो. त्या सुजेत टेट्राथायोनेट नावाचा पदार्थ तयार होतो. आपण श्वासाला ऑक्सिजन वापरतो, तसा साल्मोनेला टेट्राथायोनेट वापरतो. आतड्यातल्या बहुतेक शेजाऱ्यांना ते जमत नाही. हे २०१० साली कळलं. घराला आग लावून त्यावर स्वतःची भाकर भाजणाराच म्हणा ना!

शिगेलाचे अवघे दहा ते शंभर जंतू पोटात गेले तरी माणूस आजारी पडू शकतो. टाचणीच्या टोकावर त्याहून किती तरी जास्त मावतील. तेव्हा रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत भजी हातात घेण्याआधी हात साबणानं धुवा. आणि कधी शौचातून रक्त पडलंच तर लाजून लपवू नका, लगेच आईला सांगा.