कृमिरोग, पक्ष्यांतील
पक्ष्यांच्या अन्नमार्गात, श्वासनालात अथवा रक्तवाहिन्यांत परजीवी कृमींची वाढ झाल्याने होणारे रोग. या कृमींचे गोल कृमी, पट्टकृमी व पर्णकृमी असे तीन प्रमुख गट आहेत. बहुतेक कृमी पक्ष्याच्या शरीरात अन्नावाटे शिरतात. त्यामुळे पक्षी कोठे व काय खातो यावर संसर्गाचे स्वरूप अवलंबून असते. नाशिक जिल्ह्यात बंदिस्त कुक्कुटपालन, परसातील गावठी कोंबड्या व नांदूर मधमेश्वर येथील पाणपक्षी या तिन्ही परिस्थिती आढळतात.

बंदिस्त पालनात गोल कृमी महत्त्वाचे आहेत. ॲस्कॅरिडिया गॅली हा ५–१२ सेंमी. लांबीचा कृमी कोंबडीच्या लहान आतड्यात राहतो. विष्ठेतून पडलेली त्याची अंडी ऊब व ओलावा मिळाल्यास सु. १०–२० दिवसांत संसर्गक्षम होतात आणि दाण्यापाण्याबरोबर पोटात जातात. तीन महिन्यांखालील पिलांना अधिक उपद्रव होतो. वजन घटणे, पंख गळणे, हगवण, रक्तक्षय ही लक्षणे दिसतात. कृमींची संख्या फार झाल्यास आतडे तुंबून मृत्यू ओढवतो.

परसातील कोंबड्या किडे टिपतात. रायलिएटिना वंशातील पट्टकृमींचे डिंभ मुंग्या, भुंगेरे यांसारख्या मध्यस्थ पोषकांत (ज्यांच्या शरीरात डिंभांची वाढ होते अशा प्राण्यांत) असतात व कीटकांबरोबर कोंबडीच्या पोटात जातात. यांपैकी एका जातीमुळे आतड्यावर गाठी येतात. शवपरीक्षेत त्या क्षयाच्या गाठी वाटण्याचा संभव असतो.

पाणपक्ष्यांत पर्णकृमींचा प्रसार गोगलगाईंमार्फत होतो. निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर हे १९८६ मध्ये अभयारण्य झाले व २०१९ मध्ये रामसर यादीत आले. तेथे हिवाळ्यात स्थलांतरित बदके उतरतात. अशा पाणथळ जागी एकाच पाण्यात अनेक जातींचे पक्षी चरत असल्याने संसर्गाला वाव असतो. बदकांच्या रक्तवाहिन्यांतील काही पर्णकृमींचे डिंभ मात्र पाण्यातून थेट त्वचेत शिरतात. ते माणसाच्या त्वचेत शिरल्यास खाज सुटते, परंतु तेथे त्यांची पूर्ण वाढ होत नाही.

थोडे कृमी बाळगणारा रानपक्षी बहुधा निरोगी दिसतो. उपासमार वा दाटी झाल्यास रोग बळावतो. रानपक्ष्यांच्या थव्यांना औषध देणे व्यवहार्य नसते; म्हणून पाणी स्वच्छ ठेवणे व पाळीव बदके तेथे न सोडणे हेच उपाय उरतात.

पाळीव पक्ष्यांत विष्ठेच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीने निदान होते. पिपरॅझीन ॲस्कॅरिडियावर गुणकारी आहे. पट्टकृमींवर त्याचा भरवसा धरता येत नाही, त्यांसाठी प्राझिक्वांटेल वापरतात. म्हणून निदानाशिवाय औषध दिल्यास खर्च वाया जातो. औषधाने जमिनीतील अंडी मरत नाहीत; तुसाची गादी कोरडी ठेवणे, ती वेळेवर बदलणे व पिले मोठ्या कोंबड्यांपासून वेगळी वाढविणे आवश्यक असते. [→ परजीविता].