स्वतःच्या नावावर स्वतःच घातलेली बंदी

जुगाराची तलफ दिवसभर सारख्याच जोराची नसते. पगाराच्या दुसऱ्याच दिवशी खातं रिकामं झालेलं दिसलं, की माणूस अगदी मनापासून ठरवतो, आता बास. तो निश्चय खोटा नसतो, फक्त पुढच्या पगारापर्यंत टिकत नाही. म्हणून भानावर असतानाच असं काहीतरी करून ठेवायचं, की पुढे मन फिरलं तरी ते मोडता येऊ नये. स्वेच्छाबंदीची सगळी व्यवस्था एवढ्यावरच उभी आहे.

ब्रिटनमध्ये ही व्यवस्था चांगली रुळली आहे. तिथे २०१८पासून ‘गॅमस्टॉप’ ही मोफत नोंदणी सुरू आहे आणि ३१ मार्च २०२०पासून परवानाधारक प्रत्येक ऑनलाइन जुगार कंपनीला तिच्यात सामील होणं सक्तीचं आहे. नाव, जन्मतारीख, पत्ता, ईमेल, मोबाइल नंबर भरायचा आणि मुदत निवडायची: सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं. जुने पत्ते आणि जुने ईमेलही आठवून द्यावेत, कारण कंपन्या याच तपशिलांवरून माणूस ओळखतात. विसरलेल्या ईमेलवरचं एखादं खातं चालू राहू शकतं. साधारण चोवीस तासांत बंदी लागू होते.

या रचनेतलं खरं शहाणपण मला तिच्या शेवटाशी दिसतं. मुदत संपेपर्यंत बंदी उठत नाही, कितीही विनवण्या केल्या तरी. मुदत संपली म्हणून ती आपोआपही उठत नाही. स्वतः संपर्क साधून मागणी करावी लागते आणि त्यानंतरही चोवीस तास थांबावं लागतं. बंदी घालून घ्यायला काही मिनिटं पुरतात, उठवायला मात्र विचार करायला भाग पडतं.

तरी पळवाटा उरतातच. रस्त्यावरची बेटिंगची दुकानं आणि कॅसिनो यांच्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते, आणि दुकानात तर काउंटरवरच्या माणसाने फोटोवरून ओळखलं तरच ती चालते. परदेशातल्या विनापरवाना साइट्सना गॅमस्टॉप लागू नाही. म्हणून एकावर एक अडसर घालतात. तिथल्या अनेक बँका कार्डावरून जुगाराचे व्यवहार बंद करून देतात, आणि काही बँकांत ते पुन्हा सुरू करायला दोन-तीन दिवस जातात. ‘गॅमबॅन’सारखं सॉफ्टवेअर फोनवर जुगाराच्या साइट्स उघडूच देत नाही. क्रेडिट कार्डावर जुगार खेळायला तर एप्रिल २०२०पासून नियमानेच मनाई आहे.

एवढं केलं तरी डोक्यातला हिशेब जागचा हलत नाही, आणि उपचाराचं काम तिथे सुरू होतं. २०१३मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या ‘डीएसएम-५’ने जुगाराच्या विकाराला दारू आणि ड्रग्जच्या व्यसनांच्या गटात बसवलं. नऊ लक्षणांपैकी वर्षभरात चार दिसली, की निदान होतं. त्यातलं एक प्रत्येक खेळणाऱ्याला ओळखीचं आहे: गेलेले पैसे काढायला पुन्हा खेळणं.

स्लॉट मशीनवर दोन सात जुळतात आणि तिसरा एका घराने चुकतो, तो क्षण घ्या. ही सरळ हार असते. पण जिंकल्यावर मेंदूचे जे भाग जागे होतात, त्यांतले काही अशा ‘थोडक्यात हुकलं’वरही जागे होतात आणि आणखी खेळावंसं वाटतं, असं २००९मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं. समुपदेशक असाच एखादा क्षण रुग्णासमोर सुटा करून ठेवतो. शेवटचा डाव लावण्याआधीचा दिवस तासातासाने लिहून काढायला लावतो: पगाराचा मेसेज आला, घरी वाद झाला, फोन घेऊन एकटा बसलो. मग प्रत्येक जागी दुसरं काय करता आलं असतं, याची तयारी करून घेतो. ही विचार आणि वर्तन बदलणारी उपचारपद्धती गटात देण्याची शिफारस ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने जानेवारी २०२५मध्ये केली. तेवढ्याने भागलं नाही, तर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली नाल्ट्रेक्सोन या औषधाचा विचार होतो. आत्महत्येचे विचार येतात का, हे आधीच स्पष्ट विचारायला हवं. कर्जाखाली दबलेल्या माणसाच्या बाबतीत त्यात कुचराई चालत नाही.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यामुळे अशा नोंदणीत बांधून घ्यायला परवानाधारक ऑनलाइन कंपन्याच नाहीत. चोरून ‘आयडी’ देणारे बुकी कुठल्याही यादीला जुमानणार नाहीत. मदतीसाठी सरकारची ‘टेली-मानस’ हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. व्यवहारांना आवर घालायचं काम मात्र बरंचसं घरावर येतं.

सिंगापूरच्या कॅसिनोंबाबतीत घरच्यांनाही बंदीसाठी अर्ज करता येतो. तो अधिकार आपल्याकडे नसला, तरी बायको, भाऊ किंवा आई यांना काही गोष्टी नक्की करता येतात. कर्ज फेडायला खेळणाऱ्याच्या हातात रोख देऊ नये. आधी सगळ्या देण्यांची यादी त्याच्यासोबत बसून लिहावी, हप्ते थेट देणेकऱ्याला द्यावेत, आणि त्याच्या संमतीने पगाराच्या खात्याची रोजची मर्यादा बँकेत जाऊन कमी करून घ्यावी.