सेल काढला आणि मीटर सगळं विसरलं

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, किंवा ज्यांना आकडे निवांत बघायचेत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लेखी रूप. आजचा विषय बऱ्याच जणांनी सुचवला होता: जुनी, सेकंडहॅण्ड टेस्ट उपकरणं घरच्या घरी दुरुस्त कशी करायची आणि त्यांचं कॅलिब्रेशन कसं करायचं. मी सुरुवात माझ्या चुकीपासून करतो, कारण मुख्य मुद्दा मला तिथेच कळला.

भोसरीच्या एका भंगारवाल्याकडे मला एचपी ३४७८ए हे टेबलावर ठेवायचं मल्टिमीटर मिळालं. साडेपाच आकडी, १९८०च्या दशकातलं डिझाइन. "चालतं का?" विचारलं तर म्हणाला, "ते काय माहीत नाही साहेब, घेऊन जा, लावून बघा." घेतलं.

अशी वस्तू घरी आणली की पहिलं काम प्लगमध्ये घालणं नव्हे. आधी मागचा व्होल्टेज सिलेक्टर बघा. अमेरिकेतून आलेलं यंत्र १२० व्होल्टवर ठेवलेलं असू शकतं, आणि आपल्या घरात येतात २३०. मग झाकण उघडून फुगलेले, गळलेले कपॅसिटर शोधा. मेन्सजवळ पिवळसर पारदर्शक कवचाचा जुना कागदी कपॅसिटर असेल आणि त्याला बारीक चिरा दिसत असतील, तर तो चालू करण्याआधीच बदला. नाहीतर खोलीभर धूर. आणि पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीज बल्बमधून. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो, यंत्र वाचतं.

हे सगळं मी नीट केलं. मीटर चालू झालं, आकडेही बरोबर वाटले. मग आत बोर्डावर सोल्डर केलेला एक लिथियम सेल दिसला. म्हटलं, एवढा जुना आहे, बदलून टाकू. मीटर बंद केलं, सेल काढला, नवीन लावला, चालू केलं. आकडे पार वेडेवाकडे!

झालं होतं असं. जुन्या मीटरमध्ये बारीक स्क्रू फिरवून रेंज जुळवत. या मीटरमध्ये तसे स्क्रू नाहीत. प्रत्येक रेंजला किती दुरुस्ती लावायची, याचे आकडे एका छोट्या रॅममध्ये साठवलेले असतात आणि मीटर बंद असताना ती रॅम त्या सेलवर जगते. कोणीतरी, कधीतरी, चांगल्या प्रयोगशाळेत हे मीटर खात्रीच्या मानकांशी ताडून ते आकडे लिहिले होते. मी ते एका मिनिटात पुसले. मीटर धडधाकट होतं, पण त्याला व्होल्ट म्हणजे किती हे आठवत नव्हतं.

"मग परत कर की कॅलिब्रेशन," असं मित्र म्हणाला. इथेच गोम आहे.

कॅलिब्रेशन म्हणजे स्क्रू फिरवणं नव्हे. किराणा दुकानातला काटा तपासायला वजनमापवाले येतात तेव्हा ते आधी काय करतात? माहीत असलेलं वजन ठेवतात आणि काटा किती दाखवतो ते बघतात. ही तुलना म्हणजे कॅलिब्रेशन. फरक आढळला तर काटा सरळ करणं, ही ॲडजस्टमेंट. दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्याला हात घालण्याचा अधिकार पहिल्यामुळे येतो. तुमचं वजनच खोटं असेल तर चांगला काटाही बिघडवून ठेवाल.

आपल्याकडचं 'वजन' कुठलं? बहुतेक हौशी लोक एडी५८४ चिपचं छोटं मॉड्यूल घेतात: २.५, ५, ७.५ आणि १० व्होल्ट. सोबत चिठ्ठी येते, त्यावर मोजलेले आकडे. पण ते कुठल्या मीटरने मोजले, किती तापमानाला, हे चिठ्ठीवर नसतं. या चिपच्या साध्या प्रतीत दर अंश सेल्सिअसला ३० पीपीएमपर्यंत फरक पडू शकतो. म्हणजे १० व्होल्टवर ०.३ मिलिव्होल्ट. माझं मीटर १० व्होल्टला शेवटचा आकडा ०.१ मिलिव्होल्टचा दाखवतं. पहाटे २४ अंश आणि दुपारी ३८ अंश असतील, तर १४ अंशांत ४.२ मिलिव्होल्ट, म्हणजे शेवटच्या आकड्यात ४२चा फरक! मग मी मीटर जुळवतोय की उन्हाळा?

खऱ्या व्होल्टची साखळी वेगळी आहे. देशाची मानकं दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत सांभाळली जातात. तिथून ती एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळांपर्यंत आणि तिथून कारखान्यांच्या मीटरपर्यंत येते. पुसलेले आकडे ही त्या साखळीची माझ्याकडची एकमेव कडी होती. आणि हे मीटर पूर्ण भरायचं तर ३० मिलिव्होल्टपासून ३०० व्होल्टपर्यंत, ३० ओहमपासून ३० मेगाओहमपर्यंत, शिवाय एसी आणि करंट, असं सगळं खात्रीचं हवं. ते घरात नाही.

वर्षभराने तसंच दुसरं मीटर मिळालं. या वेळी क्रम असा ठेवला:

१. जीपीआयबी पोर्टमधून रॅममधल्या २५६ जागा वाचून संगणकात जपून ठेवल्या. आर्डुइनोवर बनवलेला अडॅप्टर पुरतो. आकडे पुसलेच तर परत लिहिता येतात.

२. मीटर तासभर तापू दिलं, एडी५८४चा १० व्होल्ट मोजला, तारीख आणि खोलीचं तापमान वहीत लिहिलं.

३. प्लग काढला. दोन पेन्सिल सेल, सिरीजमध्ये एक शॉट्की डायोड, आणि ती जोडी जुन्या सेलला समांतर लावली. डायोड विसरू नका. हा लिथियम सेल चार्ज होता कामा नये.

४. सोल्डरिंग आयर्न तापवून त्याचाही प्लग काढला, मगच टेकवलं. जुना सेल काढला, नवीन होल्डरमध्ये बसवला, शेवटी पेन्सिल सेल सोडवले.

५. पुन्हा तासभर थांबून तेच मॉड्यूल त्याच तापमानाला मोजलं. शेवटच्या आकड्यात एकाचा फरक. आठवण शाबूत होती!

बघा, मॉड्यूल तेच होतं. व्होल्ट ठरवायला ते अपुरं होतं, पण 'काल आणि आज यांत फरक पडला का' हे सांगायला पुरेसं. हौशी माणसाचं बहुतेक कॅलिब्रेशन एवढंच असतं, आणि ते कमी नाही. ताडून बघा, वहीत लिहा, महिन्याने परत ताडा. ओळखीत कुणाचं नुकतंच प्रयोगशाळेतून आलेलं मीटर असेल तर अर्धा दिवस मागून आणा. ॲडजस्टमेंटचा स्विच मात्र शेवटी, आणि शक्यतो नाहीच.

पहिलं मीटर अजून टेबलावर आहे. त्यावर चिठ्ठी चिकटवली आहे: "आकड्यावर विश्वास ठेवू नये." तार तुटली आहे का, एवढं बघायला चालतं.

तर मंडळी, तुमच्या कपाटातही असं जुनं मीटर असेल, तर सेलला हात लावण्याआधी हा भाग आठवा. पुढच्या भागात जुन्या ऑसिलोस्कोपचा प्रोब जुळवायचा आहे. भेटूच.